नवा कोरा रणगाडा मळवायचा कसा?

मुलांनो, तुम्ही कधी एखादी नवी कोरी वस्तू मुद्दाम मळवली आहे का? शाळेच्या पहिल्याच दिवशी पांढऱ्याशुभ्र बुटांवर कुणी पाय दिला की कसं रडकुंडीला येतो आपण! नव्या सायकलवर पहिला ओरखडा उठला की त्या रात्री जेवण गोड लागत नाही. आणि आज मी तुम्हाला असा एक छंद सांगणार आहे, ज्यात महिनाभर खपून एक वस्तू तयार करायची, तिला छानपैकी रंग द्यायचा, आणि मग तिच्यावर धूळ, चिखल, तेल नि काजळी फासायची. तीही अगदी मन लावून!

या छंदाला म्हणतात स्केल मॉडेलिंग. खऱ्याखुऱ्या विमानाची, जहाजाची किंवा रणगाड्याची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती आपल्या हाताने जोडायची आणि रंगवायची. किटच्या खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात. झाडाला चिंचा लागाव्यात तसे त्या चौकटींना बारीक बारीक भाग लागलेले असतात, कधी कधी शेकडो. ते कटरने सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि सोबतच्या कागदावरची चित्रं पाहून चिकटवायचे. त्या जोडकामाबद्दल पुन्हा कधीतरी. आज बोलू या त्यानंतरच्या कामाबद्दल, म्हणजे रंगाबद्दल आणि त्याहून जास्त मळवण्याबद्दल. ऊन, पाऊस, धूळ, चिखल आणि माणसांचे हातपाय लागून वस्तूचं जे रूप होतं, ते रंगांनी आणणं म्हणजे 'वेदरिंग'.

मागच्या मे महिन्यात माझी भाची आमच्याकडे राहायला आली. आठवीची परीक्षा नुकतीच झालेली. वाढदिवसाला तिला सेंच्युरियन रणगाड्याचं किट मिळालं होतं. ते तिने घरी जोडून, कापसात गुंडाळून, बुटाच्या खोक्यात घालून आणलं होतं. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधीच खोकं माझ्या हातात.

"मामा, आता रंगवायला तू शिकव. पण मला खेळण्यासारखा नाही करायचा. मला 'फामागुस्ता' करायचाय."

फामागुस्ता हे सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं नाव. पण भारतीय सैन्यातल्या माणसापुढे हा शब्द उच्चारला तर त्याला आठवेल तो एक रणगाडा आणि त्यातला एकवीस वर्षांचा अधिकारी, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. १४ ऑक्टोबर १९५० ला पुण्यात जन्मलेले. त्यांची पलटणसुद्धा पुण्याचंच नाव लावणारी, पूना हॉर्स. ही पलटण १८१७ साली पुण्यात घोडदळ म्हणून उभी राहिली होती. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतर नदीच्या लढाईत खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनने शत्रूचे एकामागून एक रणगाडे निकामी केले. त्यांच्या गाडीलाही गोळा लागला, आग लागली. वरिष्ठांनी वायरलेसवरून गाडी सोडायला सांगितलं. त्यांचं उत्तर असं होतं की माझी तोफ अजून चालते आहे. ते गाडी सोडून आले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं.

आता तुम्हीच सांगा, असा रणगाडा चुकीचा रंगवून चालेल का?

पस्तिसाचं गणित

ब्रश हातात घेण्याआधी मी भाचीला वही-पेन्सिल घ्यायला लावली. तिने तोंड वाकडं केलं. सुट्टीत गणित! पण या छंदातल्या निम्म्या चुका गणित न केल्याने होतात, बरं का.

रणगाड्यांची बरीचशी किट्स १:३५ या प्रमाणात असतात. पस्तीसच का? चाळीस का नाही, तीस का नाही? त्यामागे मोठी गंमत आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत दोन बॅटरी सेल मावायला हवेत, एवढ्या हिशोबाने त्याचं आकारमान ठरवलं होतं. मॉडेल खूप खपलं. मग दुसरे रणगाडे त्याच मापात काढायचे म्हणून मोजून पाहिलं, तर ते खऱ्याच्या साधारण एक पस्तिसांश भरलं! सेलच्या आकारावरून ठरलेलं ते माप पुढे जगभर पसरलं.

खऱ्या सेंच्युरियनचा सांगाडा, म्हणजे पुढे आलेली तोफ सोडून, साधारण ७.६ मीटर लांब. भागिले ३५, म्हणजे जवळजवळ २२ सेंटीमीटर. तुमच्या मोठ्या फूटपट्टीपेक्षा आखूड. आता वजन बघा. खरा सेंच्युरियन ५१ टनांच्या आसपास. मॉडेल लांबीने पस्तिसावा हिस्सा, रुंदीने पस्तिसावा आणि उंचीनेही पस्तिसावा. मग वजन भागायचं ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ ने, म्हणजे ४२,८७५ ने. उत्तर येतं सव्वा किलोच्या थोडं आत. पोलादाचं मॉडेल केलं तर ते एवढं भरेल. आपलं प्लास्टिकचं, पोकळ. म्हणूनच नुसता रंगवलेला रणगाडा कितीही नीटनेटका असला तरी हलका वाटतो, फुंकर मारली तर उडेल असा. त्याला वजन येतं ते खालच्या चिखलाने आणि सांध्यांतल्या सावल्यांनी.

अजून एक हिशोब. मॉडेल आपण एका फुटावरून, म्हणजे ३० सेंटीमीटरवरून बघतो. गुणिले ३५ करा. म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून बघितल्यासारखं झालं. तेवढ्या अंतरावरून बोटभर ओरखडा दिसेल का? आणि उलट, मॉडेलवर तुम्ही ब्रशच्या टोकाने २ मिलिमीटरचा ठिपका दिलात, तर खऱ्या रणगाड्यावर तो केवढा? ७ सेंटीमीटर! लाडवाएवढा!

भाचीने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, '१ मिमी = ३.५ सेंमी'. हे वाक्य ती पुढे विसरणार होती, पण ते सांगतोच.

आधी हिरवा

रंगकाम पटकन सांगतो, कारण ते सोपं आहे आणि त्यात घाई न करणं एवढंच कौशल्य आहे. मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, कारण बोटांचं तेल लागलेलं असतं आणि तेलावर रंग धरत नाही. वाळलं की प्रायमरचा पातळ थर. तो बहुतेक करड्या रंगाचा असतो आणि जोडकामातल्या साऱ्या चुका उघड्या पाडतो, म्हणून मला तो परीक्षेच्या निकालासारखा वाटतो. मग ॲक्रिलिकचा गडद ऑलिव्ह हिरवा. एक जाड थर द्यायचा नाही, तीन पातळ द्यायचे आणि प्रत्येक थर पुरता वाळू द्यायचा. जाड थरात खिळ्यांची नि वेल्डिंगची सगळी नक्षी बुडून जाते.

हिरव्यात चिमूटभर पिवळसर रंग मिसळून तो थोडा फिका करायचा. का? लांबचा डोंगर जवळच्या डोंगरापेक्षा फिका दिसतो ना, तसंच. साडेदहा मीटरवरचा हिरवा डब्यातल्या हिरव्यापेक्षा फिका दिसतो. पांढरा मात्र मिसळू नका, रंग खडूसारखा होतो. चाकांच्या कडेचं रबर काळं कुळकुळीत करू नका, गडद करडं करा. वापरातल्या टायरकडे एकदा निरखून बघा, म्हणजे पटेल.

हवेच्या दाबावर चालणारी एअरब्रश नावाची फवारणी मिळते. ती असली तर उत्तम, नसली तर काही अडत नाही. आमचं सगळं काम दोन नंबरच्या आणि शून्य नंबरच्या ब्रशने झालं. पहिले प्रयोग मॉडेलवर करायचेच नाहीत. लग्नात मिळतो तसा प्लास्टिकचा चमचा घ्या. त्यावर प्रायमर, हिरवा, सगळं करून बघा. आमच्याकडे सुट्टी संपेपर्यंत तेरा चमचे हिरवे झाले होते.

हिरवा वाळल्यावर चकचकीत वार्निशचा थर द्यायचा. रणगाडा कधी चकचकीत असतो का? नसतो. पण हा थर पुढच्या कामाला लागतो, आणि शेवटी त्यावर बिनचमकीचा मॅट वार्निश मारला की चकाकी जाते.

पुढचं काम म्हणजे 'वॉश'. गडद तपकिरी ऑइल कलरचा मुगाएवढा ठिपका टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करायचा, की पाणीदार कोऱ्या चहासारखा दिसावा. मग बारीक ब्रशने तो एखाद्या झाकणाच्या फटीला नुसता टेकवायचा. बस! रंग आपोआप फटीतून धावत सुटतो आणि झाकणाभोवती सावली उमटते. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तीच ही युक्ती. विज्ञानाच्या पुस्तकात तिला केशाकर्षण म्हणतात. चकचकीत वार्निशमुळे रंगाला घसरायला गुळगुळीत रस्ता मिळतो. आणि खालचा हिरवा ॲक्रिलिक असल्यामुळे टर्पेंटाइनने तो विरघळत नाही. खालीही ऑइल कलर दिला असता तर सगळा राडा झाला असता.

भाचीने पहिल्या फटीला ब्रश टेकवला आणि रंग पळताना पाहून अशी काही किंचाळली की स्वयंपाकघरातून तिची मामी धावत आली.

मामी आली ते बरंच झालं, कारण मला आई-बाबांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. टर्पेंटाइन पेट घेतं आणि त्याचा वास डोक्यात जातो. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ गॅस, उदबत्ती, समई काही नको, आणि शेजारी मोठं माणूस हवं. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर गच्चीत किंवा अंगणात. कटरचं पातंही तुम्हीच बदलून द्या. बाकी मात्र हात लावू नका. 'दे इकडे, मी करतो' हे वाक्य या छंदात चालत नाही.

गंजाचा घोटाळा

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी परत येऊन बघतो तर काय! रणगाडा तांबडालाल झालेला. टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटावर, गंजाचे ओघळ. तोफेच्या नळीवर गंज. पुढच्या पत्र्यावर चंदेरी रंगाचे ठिपके, एकेक २-३ मिलिमीटरचा. खाली फेविकॉलमध्ये कालवलेली बागेतली माती. भाची खूश होती. मला काही बोलवेना. खोटं कशाला सांगू, या छंदात पहिल्या वर्षी मीही असाच एक तांबडा रणगाडा केला होता. मळवायची परवानगी मिळाली की हात थांबत नाही, हे मोठ्यांचंही होतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त दफेदार राहतात. दफेदार म्हणजे पायदळातल्या हवालदाराच्या बरोबरीचा घोडदळातला हुद्दा. घोडे गेले, रणगाडे आले, पण हुद्द्याची नावं तीच राहिली. काकांची नोकरी विजयंता रणगाड्यावर ड्रायव्हर म्हणून झाली. चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात बनायचा तो विजयंता. भाचीने त्यांना हात धरून वर आणलं.

काकांनी चष्मा वर सरकवला. मॉडेल हातात घेतलं नाही. हात मागे बांधून टेबलाभोवती एक फेरी मारली, सावकाश, जणू खरीच गाडी तपासत होते.

"ही गाडी किती वर्षं उभी आहे?"

"उभी नाहीये काका. लढाईतली आहे!"

"असं? मग हिची माणसं कुठे गेली?"

भाचीला काही कळेना. काका खुर्चीवर बसले. "अगं, आत चौघं असतात. कमांडर, गनर, लोडर नि ड्रायव्हर. गाडी थांबली की आधी गाडीचं करायचं, मग आपलं. तेलपाणी बघा, ग्रीस भरा, पट्ट्याच्या पिना बघा, नळी साफ करा. नळीवर एवढा गंज दिसला असता ना..." काकांनी वाक्य पुरं केलं नाही. स्वतःचाच कान पिरगाळून दाखवला. "चिखल लागणारच. धूळ तर आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. चिखल कामाचा असतो. हा गंज आळसाचा."

भाचीचा चेहरा उतरला. तरी तिने नेटाने सांगितलं, "आणि इथे मी गरम सुईने भोक पाडणार आहे. गोळा लागला होता ना त्यांच्या गाडीला."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी मॉडेलवरची नजर काढली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"ते नको करूस," मग ते म्हणाले. "करायचीच तर सकाळची गाडी कर. सोळा तारखेच्या सकाळची."

तेरा दिवसांची धूळ

त्या रविवारी आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली उभं राहिलेलं. झाडांच्या सावलीत व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता आणि १९६५ च्या युद्धातला तो प्रसिद्ध पॅटन, सगळे ओळीने उभे आहेत. खुद्द 'फामागुस्ता'ही नगरलाच, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. बाहेरची धूळ तिथल्या रणगाड्यांवर शोधायला गेलात तर मात्र निराश व्हाल. संग्रहालयातल्या गाड्यांना ताजा रंग दिलेला असतो, पट्टेसुद्धा रंगवलेले! भाची हिरमुसली. मग तिने वेगळंच काम काढलं. ती सेंच्युरियनभोवती फिरत वहीत लिहायला लागली. माणूस वर चढताना पाय कुठे ठेवेल, हात कुठे धरेल, चाकांनी उडवलेला चिखल कुठपर्यंत पोचेल, पावसाचं पाणी कुठून ओघळेल. चाक तिच्या जवळजवळ कमरेला येत होतं.

घरी आल्यावर तिने तांबडा रणगाडा पुन्हा हिरवा केला. वाईट वाटत होतं, पण केला. चिकटवलेली मातीही खरवडली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बागेतल्या मातीचा एकेक दाणा मिलिमीटरचा होता, म्हणजे रणगाड्याला साडेतीन सेंटीमीटरचे खडे चिकटले होते! शिवाय रंग? आपली ती काळी माती. रावीला मिळणारी बसंतर वाहते ती शकरगडच्या भागातून. तिथली जमीन हिमालयातल्या नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकट, पिवळसर-करडी.

मग आम्ही 'सकाळ' म्हणजे नेमकी कशी ते मांडायला बसलो. युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरच्या संध्याकाळी. १६ च्या सकाळपर्यंत तेरा दिवस. तेरा दिवसांत गाडीवर धूळ साचेल, कडांचा थोडा रंग उडेल, पण पत्र्याला गंजाचे ओघळ येणार नाहीत. १५ आणि १६ डिसेंबरच्या मधल्या रात्री इंजिनिअर सैनिक नदीपलीकडे सुरुंग काढून वाट करत होते. ती वाट पुरती होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे पुढे निघाले. सकाळी पलीकडच्या स्क्वाड्रनने मदत मागितली आणि खेत्रपाल यांची तुकडी निघाली. म्हणजे खालच्या अंगाला ओला, ताजा चिखल. वर कोरडी, जुनी धूळ. बस, एवढंच. आता रंगवायचं काय ते ठरलं!

कडांचा उडालेला रंग दाखवायला भाचीने भांडी घासायच्या स्पंजचा नखाएवढा तुकडा फाडला. तो गडद तपकिरी रंगात बुडवून आधी कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपला आणि मग झाकणांच्या कडांवर, चढायच्या जागी अगदी हलकेच टेकवला. चंदेरी रंग आम्ही बंदच करून टाकला. त्याऐवजी चित्रकलेची ६ बी पेन्सिल! तिचं शिसं बोटाने कडेवर चोळलं की हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या पोलादाची चमक येते. पट्ट्यांनाही तीच युक्ती. पट्टे पोलादाचे असतात. त्यांच्यावर एका रात्रीत गंजाची तांबूस साय धरते, पण गाडी दहा पावलं चालली की जमिनीला घासणारा भाग लखलखीत होतो. म्हणून खोबणीत तपकिरी आणि उंचवट्यांवर पेन्सिल.

गंजाला फक्त एका जागी परवानगी मिळाली. मागच्या अंगाला दोन्ही मडगार्डांवर सायलेन्सर असतात. सेंच्युरियनचं मीटिअर इंजिन पेट्रोलचं, ६५० अश्वशक्तीचं, आणि स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचा सख्खा भाऊ. त्याच्या धुराने सायलेन्सर इतके तापतात की रंग जळून जातो. तिथे चौघांनी कितीही राबून उपयोग नाही. तिथला गंज काकांनीही मान्य केला.

धुळीसाठी आम्ही कोरडे पेस्टल खडू घेतले, तेलकट ऑइल पेस्टल नव्हेत. पिवळसर, करडा आणि थोडा तपकिरी. ते पॉलिश पेपरवर घासले की मैद्यासारखी पूड मिळते. मॅट वार्निश मारून झाल्यावर ही पूड ब्रशने सपाट जागी ठेवायची. वर टर्पेंटाइनचा थेंब सोडला की ती पसरते आणि वाळली की धुळीसारखी बसते. चिखलासाठी त्याच पुडीत चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिस, फेविकॉलचा थेंब आणि पाणी. हा लगदा पट्ट्यांमध्ये आणि चाकांच्या मागे भरायचा. सगळीकडे सारखा नाही हं! पट्टे चिखल मागे फेकतात, म्हणून मागच्या अंगाला जास्त. आधी फिकट, वाळलेल्या चिखलाचा थर दिला. तो सुकल्यावर त्यावर गडद रंगाचा ताजा. जुन्या टूथब्रशवर अंगठा फिरवून शिंतोडेही उडवले. निम्मे माझ्या शर्टावर आले. अगदी शेवटी, फक्त ताज्या चिखलावर चकचकीत वार्निशचे दोन-चार ठिपके दिले, ओल दिसावी म्हणून.

मग एक काम तिने माझ्याही डोक्यात आलं नव्हतं ते केलं. नगरच्या वहीतलं पान उघडलं आणि जिथे जिथे पाय आणि हात पडतील तिथली धूळ ओल्या इअरबडने पुसून टाकली. चारच जागा. पण त्या चार जागा पुसल्या आणि एकदम वाटलं, आत्ता कुणीतरी वर चढून आत गेलंय.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काका पुन्हा आले. मागे बांधलेले हात, टेबलाभोवती फेरी, सगळं तसंच. भाची श्वास रोखून उभी. काका पुढच्या बाजूला थांबले, वाकले आणि ड्रायव्हरच्या जागेजवळ बोट नेलं. सेंच्युरियनमध्ये ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो आणि त्याच्या झाकणावर बाहेर बघायला पेरिस्कोप असतात, काचेचे.

"इअरबड आहे का गं?"

तिने दिला. काकांनी तो जिभेवर ओला केला, डावा हात टेबलावर टेकवून स्थिर केला, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन्ही काचांवरची धूळ पुसली. एकदा, दोनदा. मग फुंकर मारली.

"ड्रायव्हरला दिसायला नको?" म्हणाले, आणि चष्मा खाली घेऊन पुढचं चाक बघायला लागले.